दोन बोटं माया

सोमवार, १ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण दिवसभर ओल्या चादरी उपसून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच घे.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई धडधाकट आहे. डोळे अधू झालेत, पण जीभ पूर्वीपेक्षा तेज. तीच मागे लागली आहे, "त्याला लिही, त्याला लिही." काय लिहू म्हटलं तर म्हणे खुशाली लिही. माझी खुशाली कशी असते ते तुला ठाऊक आहे. वाचवत नसेल तर वहिनीकडे दे, ती न वाचताच केराच्या डब्यात टाकेल.

तुझ्या कारखान्याची भरभराट झाल्याचं कानावर येतं. आईचं शिलाई मशीन तू "तेलपाणी करून आणतो" म्हणून नेलंस, त्याचं तेलपाणी अजून चालूच असेल. बरंच तेल पीत असणार ते. असो.

माझी गोटी आता सातवीत आहे. तू पाहिलीस तेव्हा ती खरोखर गोटी होती, आता काठी झाली आहे. वर्गात सगळ्यांत उंच. तिच्या शाळेत यंदा सरकारी गणवेश मिळाले, आणि त्याचंच हे सगळं रामायण आहे.

पूर्वी आमच्यासारख्यांना कपड्यांचे पैसे हातात मिळायचे. आम्ही कापड घ्यायचो, शिवून घ्यायचो, किंवा कुणाचं जुनं मिळालं तर त्या पैशांतून बूट निघायचे. यंदा ठरलं की पैसे नाहीत, तयार कपडेच द्यायचे. का? तर मैदानात मंडप घालून एका साहेबानं माइकवरून सांगितलं, "पालक पैसे भलतीकडे उडवतात, असा आमचा अनुभव आहे." समोर आम्ही सगळ्या पालक बसलो होतो. आणि टाळ्या वाजवल्या, दादा. मीसुद्धा. शेजारच्या बाया वाजवत होत्या म्हणून माझेही हात आपोआप वाजले. घरी येऊन मी ते हात साबणाने धुतले.

मग एकेका मुलाला नावाने नाही, "लाभार्थी" म्हणून पुढे बोलावलं. अंगातल्या कपड्यांवरूनच नवा शर्ट चढवायला लावला, कारण फोटो काढायचा होता. साहेब हसून पाकीट द्यायचा, पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा, फोटो निघाला की हात काढायचा आणि खिशातल्या रुमालाला पुसायचा. प्रत्येक वेळी. गोटीच्या वेळीही पुसला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर बायजीला आमची घाण लागते!

मी रुग्णालयाच्या चादरी धुते. त्यांवर काय काय असतं ते जेवायच्या वेळी सांगण्यासारखं नसतं, पण मला त्याची किळस कधी आली नाही. आजारी माणसाचं असतं ते, त्याचा काय दोष? त्या मैदानात मात्र मला मळमळलं.

तर तो शर्ट. पाकिटावर माप नाही, नुसतं "इयत्ता सातवी". म्हणजे सातवीतली सगळी पोरं एकाच साच्यातून निघालेली! गोटीने तो कसाबसा अंगात कोंबला. दुसऱ्या आठवड्यात कवायतीला "हात वर" झालं आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण सुटली. सगळ्यांसमोर. पुढे लिहीत नाही. दप्तर बगलेत दाबून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आई म्हणाली, "आण इकडे, त्यात रडण्यासारखं काय? बाजू सोडून देते." तिने शर्ट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं, दुसऱ्या बाजूवरून फिरवलं, आणि म्हणाली, "अगं, यात माया कुठाय?"

माया नव्हतीच, दादा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड धागाभरही नव्हतं. कापडाच्या अगदी काठावरून शिवण मारलेली, ओढलं की सुटणार. आई आपल्याला काय शिकवायची? वाढत्या अंगाच्या कपड्याला दोन्ही बाजूंनी दोन बोटं माया ठेवायची, म्हणजे पोर वाढलं तरी कपडा सोडवता येतो. "माया न ठेवता शिवायचं तर पोतं शिवा," म्हणायची. आठवतंय ना?

मग ती कॉलर चाचपत बसली आणि एकदम गप्प झाली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे बोट दुखतंय. आणि लगेच, "त्याला पत्र लिही."

म्हणून लिहिते. तू याच धंद्यात आहेस. असं बिनमायेचं कोण शिवतं, जरा चौकशी कर. इथे शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात, फाटक्या गणवेशात वर्गात घेता येत नाही, साध्या कपड्यांत तर नाहीच, आणि दुसरा गणवेश दोन वर्षांनी. गोटी शाळेत जायला तयार नाही. परवा म्हणाली, "मी तुझ्याबरोबर धुलाईघरात येते." मी हसण्यावारी नेलं. पण आमच्या मुकादमाने हे ऐकलं आणि म्हणाला, "आण की, उंच आहे पोरगी, वय कोण विचारतंय!" तेव्हापासून मला जेवण जात नाही.

कळावे. "लोभ आहे तो वाढावा" असं शेवटी लिही, असं आई सांगते आहे. लिहिलं.

तुझी बहीण


शनिवार, १३ सप्टेंबर

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. "सर्व ठीक. कामाच्या गडबडीत आहे. आईला नमस्कार." एवढं लिहायला एवढं मोठं कार्ड कशाला आणलंस? मी तुला एक साधी गोष्ट विचारली होती. असं शिवतं कोण? त्यावर चकार शब्द नाही. मी कार्ड उलटं करूनही पाहिलं.

आईने ते कार्ड मागून घेतलं, चाचपलं आणि उशीखाली ठेवलं. वाचता येत नाही तरी.

मी अर्ज केला आहे. तुझ्या उत्तराची वाट बघून दमले, म्हणून सरळ शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. तिथला बाक तू पाहायला हवास. बसून बसून लोकांनी त्याला गुळगुळीत केलंय. सकाळी गेले ती दुपारपर्यंत त्या गुळगुळीत बाकावरून घसरत होते. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, वाचला नाही, शिक्का मारला आणि दुसऱ्या अर्जांखाली सरकवला. शिक्का मात्र असा मारला, जसं काही झुरळ मारतोय.

अर्जात मी जे आहे ते लिहिलं. आपल्या घरात बोलतो तसंच. "यंदाच्या गणवेशात माया ठेवलेली नाही. शिवणाऱ्या ठेकेदाराने सगळी माया खाल्ली आहे. त्यामुळे मुलांचे कपडे फाटत आहेत व माझी मुलगी शाळेत जाऊ शकत नाही. तरी ज्याने माया खाल्ली त्याच्याकडून ती वसूल करून मुलांना द्यावी." खाली सही. मला वाटलं, झकास उतरलाय.

आईला वाचून दाखवला तर चिडली. "कशाला अर्जबिर्ज करतेस? जुनं फडकं दे, मी जोड लावते." हाताने? त्या डोळ्यांनी? दोनदा बोट टोचून घेतलं तरी शिवत बसली. जोड लावला, निळ्या शर्टाला निळसर चादरीचा. मोठ्या बाईंनी गोटीला दारातूनच परत पाठवलं, "हा गणवेश नाही." फाटला तरी गणवेश नाही, जोडला तरी गणवेश नाही. मग गणवेश म्हणजे काय, हे एकदा त्यांनी मला समजावून सांगावं!

मी मोठ्या बाईंना म्हटलं, "बाई, अंग वाढतंय तिचं, त्याला ती काय करणार?" तर म्हणाल्या, "नियम मी केलेला नाही." दादा, हे वाक्य मला आता कुठेही ऐकू आलं ना, की शिसारी येते. ज्याला विचारावं त्याने नियम केलेला नसतो. मग हे नियम रात्रीत उगवतात की काय?

गोटी दिवसभर घरी असते. पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. मुकादम रोज विचारतो. मी रोज वेगळी थाप मारते.

कळावे. लोभ वगैरे मागच्या पत्रातला चालवून घे.

तुझी बहीण


बुधवार, २४ सप्टेंबर

दादा,

आज नमस्कार नाही.

कचेरीतून मला नोटीस आली. "आपण आपल्या अर्जात 'माया खाल्ली' असा आर्थिक गैरव्यवहाराचा गंभीर आरोप केला आहे. त्याचे पुरावे घेऊन हजर राहावे, अन्यथा आपणावर कारवाई का करू नये?" मी दोनदा वाचली तरी कळेना. आईला वाचून दाखवली, तर तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग एकदम थांबली.

हातातलं काम टाकून कचेरीत गेले. तोच झुरळमाऱ्या कारकून. पण या खेपेला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज खाली.

"ताई, नेमकी किती माया खाल्ली?"

"दोन बोटं."

"बोटं म्हणजे?"

"बोटं म्हणजे बोटं. ही. दोन्ही बाजूंनी."

त्याने मागे वळून पाहिलं, आणखी हळू आवाजात म्हणाला, "दोन्ही बाजूंनी म्हणजे... आमच्या खात्यातल्या कुणीपण?"

मी म्हटलं, "अहो, शर्टाच्या! शर्टाच्या दोन्ही बाजू!" आणि माझ्याच अंगातल्या सदऱ्याची शिवण उलटी करून दाखवली. तो बिचारा लाजून दुसरीकडे पाहायला लागला. त्याला वाटलं, ही बाई आता काय काय दाखवणार!

समजलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "ताई, पण आता उशीर झाला. वर गेलंय. माया म्हटल्यावर साहेबांनी सगळे कागद मागवलेत. कापड किती आलं, कपडे किती झाले, सगळं." मग जरा थांबून मला म्हणाला, "खरं सांगू का? तुम्ही कापडाची माया लिहिलीये असं कळलं असतं, तर कुणी उघडून पाहिलं नसतं."

बघ, दादा. पोरांच्या काखा फाटल्या तर कुणी ढुंकून बघत नाही. पैसा म्हटलं की सगळं खातं जागं!

घरी आले तर तुझं पत्र आलेलं. एवढं लांबलचक तू मला उभ्या आयुष्यात लिहिलं नव्हतंस. "अर्ज मागे घे. तुला काही कळत नाही. माया हा शब्द कशाला लिहिलास? माझ्या दारात माणसं आली आहेत."

मी अर्जात कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. तुला पत्रात नुसतं विचारलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. आईपुढे बसले आणि म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" तिने शर्टाची कॉलर माझ्या हातात दिली. "टोक बघ." टोक टोकदार नव्हतं, किंचित गोल मारलेलं. ती आपल्याला तसंच कापायला लावायची ना, पोराच्या हनुवटीला टोचू नये म्हणून? बाजारात असं कुणी करत नाही. पहिल्या दिवशीच तिला कळलं होतं, की हे कापणारं माणूस तिच्याच हाताखालून गेलेलं आहे. आणि ते ती उशीखाली घेऊन झोपत होती.

तू लिहितोस, "सगळेच असं करतात. प्रत्येक शर्टामागे कापड वाचवलं नाही तर काम दुसऱ्याला जातं." वाचलेलं कापड कुठे गेलं, तेही लिहायचं होतंस. वर विचारतोस, "फुकट मिळतंय त्यात एवढी चिकित्सा कशाला?" फुकट? भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ आणलीत तुम्ही सगळ्यांनी. एक रुमालाला हात पुसतो, दुसरा नियम दाखवतो, तिसरा माया कापतो. आणि हा तिसरा माझा भाऊ निघाला.

मला तुझी किळस आली. लिहून टाकते, मनात ठेवलं तर आणखी नासेल.

अर्ज मागे घेत नाही. चौकशी ९ तारखेला, गुरुवारी आहे. तुलाही बोलावणं असेलच.

तुझी बहीण


रविवार, ५ ऑक्टोबर

ती. दादास,

पार्सल मिळालं. शर्ट-स्कर्ट दोन्ही. गोटीला छान बसतात. माप कुणाला विचारलंस? आईला, असं वाटतं. शेजारच्या फोनवर ती "वायर खराब आहे" म्हणून ओरडत होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शर्ट अंगात घालून गोटीने हात वर केले, एकदा, दोनदा, कवायतीसारखे. काही फाटलं नाही. मग खाली वाकली, गोल फिरली, आरशात पाठ बघायचा प्रयत्न केला. महिनाभरात ती हसलेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, "उद्यापासून शाळेत जाऊ?" मी म्हटलं, "शुक्रवारपासून जा." तिने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तुझी चिठ्ठी पण मिळाली. "गुरुवारी जपून बोल. आपलं घरातलं घरात राहू दे." ठीक आहे, जपून बोलेन.

आई शर्ट मांडीवर घेऊन बसली आहे. मी आणखी काही लिहीत नाही.

कळावे,
तुझी बहीण


शुक्रवार, १० ऑक्टोबर

दादा,

काल तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते. आणि जे तुझ्या पाठीमागे, आमच्या घरात झालं तेही.

तुझा शर्ट बघितल्यावर मलाही वाटलं होतं, हो मलाही, की संपलं आता. पोरगी शाळेत जाईल, मुकादमाचं तोंड बंद होईल, मी गुरुवारी जाऊन म्हणेन, "साहेब, शब्द चुकला, माफ करा." कचेरीला तेच हवं होतं. तुला तेच हवं होतं. आईलाही. माझं काय जात होतं?

मग मी शर्ट उलटा केला. दोन्ही बाजूंनी दोन बोटं माया. स्कर्टाच्या पट्टीत तीन बोटं. कडा नीट गुंडाळलेल्या, एक धागा सुटा नाही. तेच कापड, तीच बटणं, आत तीच नुसत्या आकड्यांची पट्टी, ती तुझ्या कारखान्याची हे मला तेव्हा कळलं. दादा, तुझ्या भाचीपुरती तुला माया होती! तिच्या बाकावर शेजारी जी मुलगी बसते, पाळणाघरातल्या आयाची, ती दप्तर काखेत दाबून चालते. तिला भाची म्हणणारं तुझ्या कारखान्यात कुणी नाही, मग तिला माया नाही.

बुधवारी संध्याकाळी मी गोटीला सांगितलं, की हा शर्ट उद्या न्यावा लागेल आणि बाजू उसवावी लागेल. तिने तो छातीशी धरला. मग माझ्या अंगावर फेकला. "तूच म्हणालीस शुक्रवारी जा! तुला भांडायचंच असतं! मामाशी पण, सगळ्यांशी!" आईने तिचीच बाजू घेतली. "घालू दे गं पोरीला. माणसाने एकदा चूक केली, एकदा सुधारली." मी म्हटलं, "आई, सुधारली नाही, मिटवली." त्या रात्री आम्ही तिघी तीन कोपऱ्यांत झोपलो.

सकाळी उठले तर शर्ट घडी घालून माझ्या पिशवीवर ठेवलेला. एक बाजू सुईने टाका टाका उसवलेली, कापडाला कुठे ओरखडा नाही. गोटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू ओरबाडलं असतंस. म्हणून मी केलं."

तेवढंच. मी तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले तर तिने डोकं काढून घेतलं.

पुढचं तू होतास. चौकशीच्या बाई समोर, तो कारकून टिपण घ्यायला, तू तिकडच्या खुर्चीत. पोट सुटलंय तुझं. मी जपूनच बोलले, आठवतंय ना? आधी मला विचारलं, तर मी सरकारी शर्ट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "यात माया नाही." बाई म्हणाल्या, "पण माया ठेवावी असं आदेशात कुठे लिहिलंय?" खरंच कुठे लिहिलं नव्हतं. मी तेव्हाच हरले होते, दादा. तू नुसता गप्प बसला असतास तरी जिंकला असतास.

पण तुला बोलायचं होतं. "मॅडम, हे सगळं यंत्राने कापलेलं आहे. त्यात माया ठेवताच येत नाही. मायाबिया या जुन्या बायकांच्या गोष्टी. आमच्याकडे तर कुणाला हा शब्दही माहीत नाही."

जुन्या बायकांच्या गोष्टी! त्या जुन्या बाईने तुला मांडीवर बसवून कात्री धरायला शिकवली. तू डावरा, म्हणून तुझ्यासाठी उलटी कात्री शोधत ती सगळा बाजार फिरली होती. मी तुला वाचवायचं ठरवलं असतं ना, तरी त्या वाक्यानंतर माझं काही चाललं नसतं.

मी पिशवीतून दुसरा शर्ट काढला आणि पहिल्याशेजारी ठेवला. एवढंच केलं. बाईंनी दोन्ही उलटे केले. एकाची शिवण बघितली, दुसऱ्याची उसवलेली बाजू बघितली, आतली पट्टी वाचली, परत पहिल्याची पट्टी वाचली. मग तुला विचारलं, "हा कुणासाठी शिवला?" तू टेबलाकडे बघत होतास. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "यांच्या भाचीसाठी." कारकुनाचं पेन थांबलं.

निकाल तुला ठाऊक आहे. माया ठेवता येत असून ठेवली नाहीस आणि वर येत नाही म्हणून खोटं सांगितलंस, म्हणून. सगळे गणवेश परत घ्यायचे, नवं कापड घालून मोठे करून द्यायचे, खर्च तुझा. तोवर पुढचं काम बंद. तोवर मुलांनी घरच्या कपड्यांत शाळेत बसायचं, कुणी अडवायचं नाही. मोठ्या बाईंना तसा कागद गेला. आता नियम त्यांनी केलेला नसल्यामुळे त्या तो पाळतील.

तू तरातरा निघून गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी अर्जात साधे शब्द वापरत जा." आणि कारकुनाने टिपणात "माया" या शब्दापुढे कंस करून "कापडाची" असं लिहिलं. म्हणजे सरकारदरबारी आता मायेचे प्रकार झाले. सरकारी शर्ट मला परत दिला. तुझा मागितला, तर म्हणे, पुरावा आहे, इथेच राहील. टेबलावरून उचलून एका पाकिटात घातला आणि पाकिटावर लाख लावली. गोटीने टाका टाका उसवलेला शर्ट! ती शिवण परत घालता यावी, म्हणूनच तिने इतकी नीट उसवली होती. हे मला त्या लाखेचा वास आला तेव्हा कळलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले.

आज सकाळी ती शाळेत गेली. अंगात तिचा पिवळा झगा, गुडघ्याच्या वर आलेला. दारात थांबून म्हणाली, "सगळ्यांना कळणार, माझ्यामुळे झालं म्हणून." चांगलं म्हणत होती की वाईट, ते मला कळलं नाही. धुलाईघरात मुकादमाने विचारलं, "काय, पोरगी कधी येते?" मी म्हटलं, "शाळेत गेलीये." त्याने तोंड वाकडं केलं. महिनाभरात पहिल्यांदा मी डबा संपवला.

आईला निकाल ऐकवला. तुझं ते यंत्राचं बोलणं गाळलं. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"किती ठेवली होती त्याने?"

"दोन बोटं."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही."

तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "बघ. विसरला नाही तो."

नाहीच विसरलास. मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत होते, की पैशाच्या मागे लागून दादा सगळं विसरला, मशीन विसरला, आई विसरला. विसरलेल्या माणसावर चिडता येतं, किळस येत नाही. पण तुला सगळं लक्षात होतं. कॉलरीचं टोक लक्षात होतं, बोटं लक्षात होती, कुठे कापलं की पोराचं अंग उघडं पडतं तेही लक्षात होतं, आणि मग तू कापलंस. विसरला असतास ना, दादा, तर मी माफ केलं असतं.

आता कामाचं. आईचं मशीन पाठवून दे. तेलपाणी झालं असो वा नसो. तुझे कारागीर मोठे करून देतील तेव्हा देतील, सरकारी काम आणि सहा महिने थांब. तोवर पोरीच्या शर्टाला मी धड जोड लावते, तिच्या शेजारी बसणारीच्याही लावते. ते घेऊन तू स्वतः आलास तरी चालेल. दार उघडीन. बोलेन की नाही ते सांगत नाही.

कळावे. शेवटी "लोभ आहे तो वाढावा" असं लिहायची रीत आहे, आणि आई शेजारी बसून "लिहिलंस का, लिहिलंस का" विचारते आहे. तिला मी हो म्हटलं आहे. तुझा कमी व्हावा.

तुझी बहीण